वर्गातली हवा मोजणारं यंत्र : दोन घेतली, एक ठेवलं

कोविडमुळे बंद असलेले गोव्यातले पहिलीपासूनचे वर्ग २१ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा भरले, तेव्हा माझ्या दुसरीतली मुलं आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या बाकावर बसली. जून २०२० मध्ये त्यांची पहिली सुरू झाली ती मोबाईलवरच. आमच्या सत्तरी तालुक्यात रेंज मिळावी म्हणून थोरली मुलं डोंगरावर जाऊन बसायची. सहा वर्षांच्या पोराला कोण नेणार? जोडाक्षर बघून रडणारी मुलं मी पाहिली आहेत. शाळा उघडायलाच हवी होती.

पण पालकसभेत एक आजी म्हणाली, “बाई, शिकायचं ते पुढं शिकेल. दुखणं घरी घेऊन आला तर?” २०२१ च्या मे महिन्यात तिच्या घरातलं माणूस गेलं होतं. इतक्या लहान मुलांना लसही नव्हती. तिला नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

म्हणून स्वतःच्या पैशांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र मागवलं. त्याला विषाणू दिसत नाही. पण बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो आणि आपल्या उच्छ्वासात जवळपास चार टक्के. आकडा चढला की समजायचं, खोलीत एकमेकांचा श्वास साठतोय. ८०० च्या आत असेल तर बरं, १५०० च्या वर कोंदट.

पहिलं यंत्र स्वस्तातलं, आणि फसवं. मुलांच्या हातांवर सॅनिटायझर घातलं की आकडा ६०० वरून थेट ३०००! ते हा वायू मोजतच नव्हतं. हवेतल्या इतर वाफांवरून, स्पिरिटच्यासुद्धा, नुसता अंदाज बांधत होतं. खोक्यावर मात्र ठळक ‘सीओटू’ छापलेलं. परत केलं.

दुसरं एनडीआयआर सेन्सरचं, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी थेट हाच वायू मोजणारं, तिप्पट किमतीचं. ते मात्र खरं बोलतं. दारं-खिडक्या बंद, बावीस मुलं, पाऊण तासात १७००. समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि दार उघडलं, दहा मिनिटांत ७५०. शेजारच्या स्लॅबच्या वर्गापेक्षा आमच्या जुन्या कौलारू वर्गात आकडा नेहमी कमी. कौलांच्या फटींतून हवा जाते. आजीला बोलावून हे दाखवलं. ती बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली, मग स्वतः उठून तिसऱ्या खिडकीची गंजलेली कडी ठोकून काढली. दुसऱ्या दिवशी नातू वर्गात होता.

दोन बाकांवर तोंडाला तोंड लावून बोलणाऱ्या मुलांचा धोका हे यंत्र सांगत नाही. तेव्हा मास्क लागायचाच, आणि डबा आम्ही व्हरांड्यातच खायचो. जुलैत झड आत येते म्हणून खिडक्या ओढून घेतो, की आकडा लगेच १४००. वाऱ्याकडची बंद, आडोशाची उघडी ठेवून ९०० पर्यंत आणता येतो.

घेणार असाल तर खोक्यावर एनडीआयआर लिहिलंय का ते आधी बघा. आठवड्यातून एकदा अंगणात नेऊन ४२० च्या आसपास येतं का तपासा. बॅटरी चार तासांत संपते, चार्जर वर्गातच ठेवा.