निमसेटची टेस्ट सिरीज: गणित झकास, बाकी राम भरोसे

एनआयटीतून एमसीए (कॉम्प्युटरची मास्टर्स डिग्री) करायचं तर निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आमच्या बीएस्सीच्या वर्गात ती देणारी मी एकटीच, म्हणून ही ऑनलाइन सिरीज घेतली. क्लासचं नाव मुद्दामच देत नाही.

गणितासाठी पैसे वसूल. एक प्रश्न सांगते: १×१! + २×२! + ३×३! अशी एन पदांची बेरीज किती? (इथे ! म्हणजे फॅक्टोरियल, जसं ३! = ३×२×१.) व्हिडिओत सर आधी एन = २ घालतात. बेरीज ५ येते, ज्या पर्यायात ५ येत नाही तो बाद. बहुतेक क्लासवाले इथेच ‘ट्रिक’ म्हणून थांबतात. हे सर पुढे के×के! म्हणजे (के+१)! वजा के! असं मांडतात, मधली पदं पटापट कटतात आणि उरतं (एन+१)! − १. फळ्यावरचं अक्षर भयंकर आहे, पण समजतं.

सिरीजमधली रँक मात्र अजिबात मनावर घेऊ नका. खऱ्या पेपरात गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी १२ मार्क, रिझनिंगच्या ४० आणि कॉम्प्युटरच्या २० प्रश्नांना ६, इंग्रजीच्या १० प्रश्नांना ४. म्हणजे १००० पैकी ६०० एकट्या गणिताचे. या सिरीजमध्ये सगळ्या प्रश्नांना सरसकट ४, चुकलं की वजा १. मग गणिताला हात न लावता इंग्रजी-रिझनिंगवर भागवणारी मंडळी यादीत वर दिसतात, आणि आपण उगाच टेन्शन घेतो.

वेळेचंही तेच. परीक्षेत आता गणिताला ७० मिनिटं, रिझनिंगला ३० आणि कॉम्प्युटर-इंग्रजीला मिळून २० अशी वाटणी आहे. ॲपमध्ये सलग १२० मिनिटांचं एकच घड्याळ! गणितावर दीड तास काढला तरी कोणी अडवत नाही. मी मोबाइलवर वेगळा टायमर लावून बसते.

कॉम्प्युटरचा भाग तर कोणी तपासलेलाच दिसत नाही. आठ बिटच्या टूज कॉम्प्लिमेंटची (कॉम्प्युटरमध्ये ऋण संख्याही लिहायची पद्धत) रेंज उत्तरसूचीत −१२७ ते १२७ दिली आहे. ती −१२८ ते १२७ हवी. मेल केला, ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं, सूची आहे तशीच.

कॅल्क्युलस आणि प्रोबॅबिलिटी कच्ची असेल तर जरूर घ्या. ती पक्की असेल तर मागचे पेपर प्रिंट काढून सोडवा, स्वस्तात काम होईल.