चार डिस्क एकेक करून मोठ्या करायच्या असतील तर: ट्रूनॅस की अनरेड?

घरच्या सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क, त्यातल्या एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला (एखादी डिस्क मेली तर तिचा डेटा पुन्हा उभा करून देणारी माहिती) गेलेली, आणि उरलेले १२ टीबी गच्च होत आलेले. ही अवस्था गृहीत धरून लिहितोय. पॅरिटी म्हणजे काय आणि तिला बॅकअप का म्हणू नये, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. रॅम किती हवी, प्रोसेसर कुठला, कुणाचा इंटरफेस देखणा, यात शिरत नाही. प्रश्न एवढाच, की ४ टीबीच्या जागी ८ टीबीच्या डिस्क आणायच्यात, त्या निमित्ताने सगळं नव्याने मांडायची तयारी आहे, तर ट्रूनॅस घ्यावं की अनरेड (दोन्ही स्टोरेज सर्व्हर चालवणाऱ्या सिस्टीम). मी दोन्ही घरात चालवली आहेत आणि दोन्हींवर डिस्क बदलल्या आहेत.

चारही डिस्क एका दमात विकत घेणारा माणूस माझ्या ओळखीत तरी नाही. एक बोनसला येते, एक दिवाळीत, एक जुनी कुरकुरायला लागली म्हणून नाइलाजाने. वर्ष-दीड वर्ष चालणारं प्रकरण असतं हे. म्हणून चारही बदलून झाल्यावर काय मिळतं, यापेक्षा तोवर काय मिळतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शेवट दोन्हीकडे एकच आहे, २४ टीबी. फरक वाटेत पडतो. ट्रूनॅसवर, म्हणजे झेडएफएस या त्याच्या फाइलसिस्टीमच्या रेडझेड-१ मध्ये (एका डिस्कइतकी पॅरिटी ठेवणारी मांडणी), पहिली ८ टीबीची डिस्क बसवली तरी जागा १२ टीबीच. दुसरी बसवा, १२. तिसरी बसवा, तरीही १२. चौथीचं रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं) संपलं आणि ऑटोएक्स्पांड (जागा आपोआप वाढवायची सेटिंग) चालू असलं, की एकदम २४. अनरेडवर पहिली डिस्क पॅरिटीला जाते, त्यामुळे तीही वाढवत काही नाही. दुसरीनंतर मात्र १६, तिसरीनंतर २०, चौथीनंतर २४.

कारण सरळ आहे. रेडझेडमध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कवर पसरतात, तेव्हा सगळ्यांत लहान डिस्क जेवढं पेलेल तेवढंच बाकीच्यांना वापरता येतं. अनरेडमध्ये प्रत्येक डेटा डिस्कवर तिची स्वतंत्र फाइलसिस्टीम असते, फाइल पूर्णच्या पूर्ण एकाच डिस्कवर राहते, आणि अट एकच: पॅरिटीची डिस्क सगळ्यांत मोठ्या डेटा डिस्कइतकी तरी हवी.

कागदावर हे वाचून मला फार काही वाटलं नव्हतं. थांबू, त्यात काय, असंच वाटलं. प्रत्यक्षात तिसरी डिस्क बसली आणि चौथीचे भाव चढले, तो काळ फार जिवावर आला. डब्यात ८ टीबीच्या तीन डिस्क फिरतायत, प्रत्येकीचा अर्धा भाग रिकामा, आणि मी मात्र पूल (सगळ्या डिस्कची मिळून एकत्र जागा) ९० टक्क्यांच्या वर गेला म्हणून जुने लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवतोय. पुनर्विकासात गेलेल्या इमारतीतल्या सभासदासारखी गत. पैसे भरून झाले, मजले चढताना दिसतायत, ताबा मात्र शेवटचा स्लॅब पडल्याशिवाय नाही. तांत्रिकदृष्ट्या यात काहीही बिघडलेलं नव्हतं, झेडएफएस जे सांगतं तेच करत होतं. पण घरातल्या खर्चाचा हिशेब लागतो आणि "तीन नवीन घेतल्यास ना, मग जागा कुठंय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. इतरांना ही गोष्ट क्षुल्लक वाटू शकते, हेही मान्य.

झेडएफएसच्या बाजूने एक सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेडमध्ये एखादी डिस्क वाढवता येते, आणि ट्रूनॅसने ती सोय त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ च्या २४.१० मध्ये दिली होती. म्हणजे डिस्क बसवायचा पाचवा खण मोकळा असेल तर आणखी एक डिस्क जोडून जागा वाढते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आधीचा डेटा जुन्याच प्रमाणात राहतो, पुन्हा लिहिला जाईपर्यंत त्याची पॅरिटी जास्तच जागा खाते. आणि एकदा जोडलेली डिस्क रेडझेडमधून परत काढता येत नाही. चार खणांच्या डब्यात तर हा मुद्दा उद्भवतच नाही. मुंबईतल्या घरात टीव्हीखालच्या फळीवर किंवा माळ्यावर बसेल एवढाच डबा घेतलेला असतो, त्यात मोकळा खण कुठून आणणार?

अनरेडच्या पहिल्या डिस्कचंही टोचतंच. सगळ्यांत मोठी खरेदी करायची आणि ती पॅरिटीच्या पोटात घालायची. पण ते एकदाच. त्यानंतर आणलेली प्रत्येक डिस्क बसवली त्याच आठवड्यात दिसते. खण मोकळा असेल तर पॅरिटीतून सुटलेली जुनी ४ टीबीची डिस्क डेटात लावता येते, म्हणजे पहिल्याच खरेदीत १६ होतात.

दुसरी गोष्ट मला वापरू लागल्यावर कळली आणि आता तिच्यावर जास्त भरवसा वाटतो. अनरेडमध्ये चालू अवस्थेतली ४ टीबीची डेटा डिस्क काढून ८ ची लावली, की रीबिल्ड (पॅरिटीतून नव्या डिस्कवर डेटा उभा करणं) चालू असताना सिंगल पॅरिटीला दुसरा धक्का सोसत नाही. हे ऐकायला भीतीदायक आहे. पण काढलेली डिस्क टेबलावर असते, आणि तिच्यावर सगळ्या फाइल जशाच्या तशा असतात. एक्सएफएस ही फाइलसिस्टीम असेल तर कुठल्याही लिनक्स मशिनला लावा, उघडते. रीबिल्ड पूर्ण होईपर्यंत अ‍ॅरेवर (अनरेडमधल्या डिस्कच्या गटावर) नवीन काही लिहायचं नाही, जुनीला हात लावायचा नाही, एवढं पथ्य. रेडझेडमधून काढलेली एकटी डिस्क अशी वाचता येत नाही. मात्र झेडएफएसमध्ये जुनी डिस्क जागेवर ठेवून नवी शेजारी लावता आली, तर बदली चालू असताना संरक्षण एक क्षणही जात नाही. तो मार्ग दोन्हींत सर्वांत सुरक्षित आहे. पुन्हा, त्यासाठी खण किंवा निदान एक मोकळा साटा पोर्ट हवा.

आता अनरेड जिथे मार खातं ते.

वेळ. अनरेड डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत रीबिल्ड करतं, भरलेली असो वा रिकामी. ८ टीबीला सेकंदाला सरासरी १६० एमबी वेग धरला तर १४ तास. झेडएफएस फक्त वापरात असलेला डेटा लिहितं, त्यामुळे अर्धा रिकामा पूल पुष्कळ लवकर सुटतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वीज. झेडएफएसचं रिसिल्व्हर मशीन बंद पडून चालू झालं तरी थांबलं होतं तिथून पुढे जातं. अनरेडचं रीबिल्ड पुन्हा शून्यापासून. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड कोसळून अख्ख्या मुंबईची वीज गेली होती आणि लोकल रुळांवर उभ्या राहिल्या होत्या. तसा दिवस विरळा, पण पावसाळ्यात सलग १४ तास वीज हलणार नाही याची हमी कुठल्याच उपनगरात कुणी देऊ शकत नाही. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस सर्व्हर नीट बंद करण्यापुरता असतो, रात्र काढण्यापुरता नाही. माझं एक रीबिल्ड जुलैमध्ये पहाटे असंच गेलं. तेव्हापासून डिस्क आणली तरी बदली नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करतो. त्यात उन्हाळाही टळतो. अनरेड ४५ अंशांला इशारा देऊ लागतं, आणि मे महिन्यात माळ्यावर सगळ्या डिस्क १४ तास सलग पळाल्या की तो इशारा येतोच येतो.

डिस्क अचानक मेली तर काय, हाही मुद्दा झेडएफएसकडे झुकतो. लॅमिंग्टन रोडला ४ टीबीची मागायला गेलात की "साहेब, चारचा माल मिळत नाही आता, आठ घेऊन जा" हे ऐकायची तयारी ठेवा. झेडएफएसला ती ८ ची डिस्क लगेच चालते, ती फक्त ४ पुरती वापरली जाते. अनरेडमध्ये पॅरिटी अजून ४ चीच असेल, तर तिच्याहून मोठी डेटा डिस्क लावताच येत नाही. तिथे पॅरिटी स्वॅप करावा लागतो: आधी पॅरिटी नव्या डिस्कवर उतरवायची, त्या काळात अ‍ॅरे बंद, मग जुन्या पॅरिटीच्या डिस्कवर मेलेल्या डिस्कचा डेटा उभा करायचा. होतं सगळं, पण त्या वेळी हात थरथरतो. यावर उपाय म्हणजे पहिली मोठी डिस्क संकटाची वाट न पाहता, सगळं धडधाकट असताना पॅरिटीला लावून टाकणं.

आणि चेकसम, म्हणजे डेटा बिघडलाय का हे पडताळायची खूण. इथे मी अनरेडची बाजू घेणार नाही. एक्सएफएसवर एखादा बिट गपचूप उलटला तर पॅरिटी चेक फक्त जुळत नाही एवढं सांगतं, चूक कुठल्या डिस्कवर आहे ते सांगत नाही. झेडएफएस चूक ओळखतं आणि पॅरिटीतून दुरुस्तही करतं. अनरेडने २०२३ च्या ६.१२ पासून झेडएफएस आत घेतलं आहे. पण अ‍ॅरेतल्या एकेका डिस्कवर ते असलं तर चूक कळते, आपोआप सुधारत नाही. ज्यांच्याकडे ग्राहकांचे फोटो, स्टुडिओचं काम, किंवा दुसरीकडे कुठेही नसलेलं काही आहे, त्यांनी हा परिच्छेद वरच्या सगळ्यापेक्षा जड धरावा. माझ्याकडचं मोलाचं सामान दोन ठिकाणी आणखी आहे. सर्व्हरवर मुख्यतः चित्रपट, गाणी आणि मुलांचे शाळेचे व्हिडिओ.

पैशांचा आणखी एक कोन. ट्रूनॅस फुकट, अनरेड विकत. २०२४ मध्ये त्यांनी लायसन्सची रचना बदलली. स्टार्टर लायसन्सला सहा डिस्कची मर्यादा आहे आणि अपडेट एका वर्षापुरते. चार खणांना ते पुरतं. लायसन्स सहसा पेनड्राइव्हला बांधलेलं असतं, तेव्हा पेनड्राइव्ह नामांकित घ्या आणि त्याचा बॅकअप ठेवा.

सिनॉलॉजीवाल्यांसाठी (ही कंपनी तयार डबे विकते): त्यांच्या एसएचआर-१ या मांडणीत हाच जिना अनरेडसारखा चढतो, १२, १६, २०, २४. ज्यांना डबा आणून विसरायचाय त्यांनी तिकडे जावं, मी हार्डवेअर स्वतः जुळवतो म्हणून गेलो नाही. स्नॅपरेड (पॅरिटीसाठी) आणि मर्जरएफएस (डिस्क एकत्र दाखवण्यासाठी) ही जोडी फुकट आहे आणि डिस्क बदलणं म्हणजे तिथे निव्वळ कॉपी करणं आणि सेटिंगमध्ये पत्ता बदलणं. पण पॅरिटी सिंक केल्यावेळचीच असते, त्यामुळे रोज बदलणाऱ्या डेटासाठी तिची शिफारस करवत नाही.

चारही डिस्क एकदम घ्यायची ऐपत असेल, किंवा पाचवा खण मोकळा असेल आणि डेटा खरंच दुर्मीळ असेल, तर ट्रूनॅस घ्या, मी अडवणार नाही. डिस्क हप्त्याहप्त्याने येणार असतील, तर माझं मत अनरेडकडे थोडं जास्तच झुकतं, एवढं म्हणतो.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी दुकानात डिस्कच्या रंगावर जाऊ नका, मॉडेल नंबर पाहा. २०२० मध्ये डब्ल्यूडीने (वेस्टर्न डिजिटल) मान्य केलं होतं की २ ते ६ टीबीच्या काही रेड डिस्क एसएमआर तंत्राच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) आहेत. अशी डिस्क रोजच्या वापरात चालून जाते, आणि रिसिल्व्हरच्या वेळी मान टाकते. काउंटरवर नॅसच्या (स्टोरेज सर्व्हरच्या) डिस्कपेक्षा सीसीटीव्हीच्या डिस्क जास्त दिसतील, "एकच आहे हो" असंही सांगितलं जाईल. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे का ते दुकानातच मोबाइलवर तपासा, आणि डिस्क घरी आणल्यावर अ‍ॅरेत घालण्याआधी पूर्ण लिहून-वाचून एकदा तावून घ्या. ८ टीबीला त्यात दोनेक दिवस जातात. बदलून देण्याची दुकानदाराची मुदत तेवढ्यात संपत नाही ना, हे बिल करतानाच विचारा.