कॅन्डिडा आणि क्रिप्टोकॉकस या दोन बुरश्या, शरीरात कोणाला कोणती पेशी अडवते?

कॅन्डिडा रक्तात उतरला, म्हणजे केमोवाल्या किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) लावलेल्या पेशंटमध्ये, की पहिली धाव न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची, आणि केमोने त्यांचाच काउंट पडला असेल तर मग अवघडंय.

क्रिप्टोकॉकसचं वेगळं. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद होण्याआधी त्याच्याजवळ वाळक्या विष्ठेची धूळ नाकात जायची ना, तसल्या धुळीतून हा फुप्फुसात शिरू शकतो, अंगावर शर्करेचं जाड कवच, त्यामुळे मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या पेशीला) धड पकडता येत नाही आणि गिळला तरी आत मजेत राहतो, जोपर्यंत सीडी४ टी-सेल (बाकी पेशींना हुकूम देणाऱ्या पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन गॅमा हे निरोप देणारं रसायन स्रवून मॅक्रोफेजला चेव आणत नाहीत. म्हणून एचआयव्हीत सीडी४ पेशींचा काउंट १०० च्या खाली गेला की मेंदूज्वराची भीती. माझ्या मते हाच जास्त बेरकी. कॅन्डिडा त्याच पेशंटच्या तोंडात पांढरा थर धरतो पण रक्तात सहसा उतरत नाही, न्यूट्रोफिल बऱ्यापैकी शाबूत असतात ना.