पावणेदोनशेचा पिवळा मल्टीमीटर आणि १.३१ व्होल्टचं लिंबू

व्होल्ट वगैरे मोजायचा हा मीटर ऑगस्टमध्ये पुण्याच्या तापकीर गल्लीतून घेतला, तोच पिवळा, सगळ्यांकडे असतो तो. सातवीला लिंबाची बॅटरी दाखवायची म्हणून घेतला, आणि परवापर्यंत मी स्टाफरूममध्ये याचं कौतुकच करत होते.

परवा लिंबात खिळा आणि तांब्याची तार खोचली तर आकडा १.३१! मागच्या वेळी ०.९४ होता. पोरं खूश, "बाई, हे लिंबू पॉवरफुल आहे." बटाटा लावला, तोही १.२ च्या वर. आता गॅल्व्हनाइज्ड खिळ्यावरचं जस्त आणि तांबं म्हटलं की ०.९ ते १ च्या आसपासच यायला हवं, फळ कुठलंही घ्या. साधा लोखंडी खिळा चुकून आला असता तर उलट कमी आलं असतं.

संध्याकाळी दुकानात गेले तर तो म्हणतो, "मॅडम, लिंबं ताजी असतील." बिल नाही, वॉरंटी नाही, विषय संपला. चिडून घरी आले, दीड व्होल्टचा नवाकोरा पेन्सिल सेल लावून बघितला, तर २.२! म्हणजे लिंबू बिचारं निर्दोष, आणि खरं तर दुकानदारही. मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली होती. मला वाटायचं बॅटरी उतरली की आकडा कमी दिसेल, पण या स्वस्त मीटरमध्ये उलटं होतं, ज्या आतल्या मापाशी तो तुलना करतो तेच खाली येतं आणि समोरचं सगळं मोठं दिसायला लागतं. बॅटरीचं चिन्ह यायला हवं होतं, ते काही आलं नाही.

आणि उतरली का, तर ऑटो ऑफ नाही!! बटण फिरवून ऑफवर आणायचं, आणि तीस पोरांच्या हातातून परत आलेला मीटर ऑफ कोण करतंय? सात महिन्यांत तिसरी बॅटरी, म्हणजे बॅटऱ्यांचा खर्च शंभरावर गेला. आता ऑफपाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय आणि दर तासाला आधी सेल मोजून बघते.

तरी टाकवत नाही, कारण नवी बॅटरी घालून चार लिंबं सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडून लावली, ३.७ आले, लाल एलईडी जोडला आणि आकडा धपकन १.७ वर. एलईडी जेमतेम मिणमिणला, तोही खिडक्या लावून घेतल्यावर. "बाई, बाकीचे दोन व्होल्ट कुठे गेले?" लिंबाच्या आतच अडले, हे पुस्तकातून त्यांना कधी पटलं नसतं.

नंतर पोरं त्याच लिंबांचं सरबत करू म्हणत होती, पण जस्त उतरलेलं असतं, टाकून दिली. मार्चमधली लिंबं, दहाला दोन.