‘द डे ऑफ द जॅकल’: आठ महिन्यांत तीनदा वाचल्यावर

भाच्याने एप्रिलमध्ये फ्रेडरिक फोर्सिथ यांची ही इंग्रजी कादंबरी मागवून दिली, तेव्हा मला नगरपालिकेतून निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता. अमळनेरच्या उन्हाळ्यात दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडायची सोय नसते, म्हणून कूलरसमोर बसून वाचायला घेतली. आता डिसेंबर चाललाय. पहिल्यांदा शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, दुसऱ्यांदा सलग वाचली, आणि तिसऱ्यांदा रोज रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना मराठीत सांगत सांगत वाचली. हे तिन्ही मिळून लिहितेय. शेवट सांगणार नाही.

आधी गोष्ट कशाची ते. अल्जीरिया १९६२ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. तो सोडायला तयार नसलेले लष्करी अधिकारी आणि तिथले गोरे रहिवासी यांनी ओएएस नावाची गुप्त संघटना उभी केली होती. त्यांच्या लेखी अध्यक्ष शार्ल द गॉल हे दगाबाज. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेटी-क्लामार इथे द गॉल यांच्या गाडीवर गोळ्यांचा मारा झाला. टायर फुटले, पण अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी दोघेही वाचले. त्या हल्ल्याचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला ११ मार्च १९६३ ला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. एवढं सगळं इतिहासात घडलेलं आहे, आणि कादंबरी त्याच सकाळी सुरू होते. पुढचं लेखकाचं: संघटनेत सरकारी खबरे शिरलेले असल्यामुळे उरलेले पुढारी एक परका मारेकरी ठरवतात. इंग्रज, कुठल्याही पोलीस दप्तरात नाव नसलेला, मोबदला पाच लाख डॉलर.

द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी वारले, हे शाळेतल्या पोरालाही शोधता येईल. फोर्सिथ पॅरिसमध्ये रॉयटर्सचे वार्ताहर होते, आणि त्यांनी ही कादंबरी लिहिली तेव्हा तर द गॉल हयात होते. म्हणजे कट फसणार हे वाचकाला आधीपासून ठाऊक. तरी पहिल्या वाचनात मी दोनदा गॅसवर दूध उतू घातलं.

मला धरून ठेवलं ते कागदांनी. मारेकरी काय करतो, तर इंग्लंडच्या खेड्यांतल्या दफनभूमी पालथ्या घालतो. साधारण आपल्या वयाचं, पण अगदी लहानपणी गेलेलं मूल त्याला हवं असतं. अडीच वर्षांचा असताना गेलेल्या एका मुलाचं नाव त्याला दगडावर सापडतं. लंडनला जाऊन त्या नावाचा जन्मदाखला काढतो, त्यावर पासपोर्टचा अर्ज करतो आणि पासपोर्ट मिळतोसुद्धा. कारण जन्माची वही एकीकडे, मृत्यूची दुसरीकडे, आणि दोन्ही शेजारी उघडून कोणी बघत नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. माझी नोकरीची शेवटची एकोणीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर गेली. २१ दिवसांत नोंद झाली तर ठीक, उशीर झाला तर पुढची कागदपत्रं, हे दिवसभर लोकांना समजावायचं. नाव ठेवायच्या आत गेलेली बाळं असत. त्यांच्या जन्माच्या ओळीत नावाचा रकाना कोरा, आणि थोड्या दिवसांनी मृत्यूच्या वहीत त्याच आईबापांचं नाव पुन्हा. तो कोरा रकाना मला दिसायचा, कारण दोन्ही वह्या माझ्याच हाताखाली होत्या. एकदा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई आली. तिचं पोर वर्षाचं होऊन वारलं होतं आणि तिला त्याचा जन्मदाखला हवा होता. कशासाठी, हे विचारणं भाग होतं. ती म्हणाली, ‘असू द्या घरात.’ मी शिक्का मारून दिला. कादंबरीतला माणूस तसलाच दाखला खिडकीवरून घेऊन निघून जातो, तेव्हा मला त्या बाईचा चेहरा आठवला. लेखक तिथे थांबत नाही, त्याला पुढे जायचंय. मी मात्र प्रत्येक वाचनात तिथे थांबले.

पुढे इंग्लंडचे पोलीस हीच गाठ कशी सोडवतात? पासपोर्टच्या अर्जांवरची नावं मृत्यूच्या नोंदींशी ताडून. ढिगाने अर्ज आणि समोर बसलेली माणसं. कोणाच्या हातात पिस्तूल नाही, आणि तरीही या पानांवर माझे हात गार पडले होते. फ्रान्समधला पोलीस अधिकारी क्लोद लबेल हाही असाच: बुटका, साधा, घरी बायकोचं ऐकून घेणारा. मंत्री आणि सेनाधिकारी रोज रात्री त्याला बैठकीत उभं करून हिशेब मागतात. तो देशोदेशीच्या तपास अधिकाऱ्यांना फोन लावतो, हॉटेलात उतरणाऱ्या परदेशी माणसांची कार्डं गोळा करून चाळायला लावतो, आणि खुर्चीतच झोपतो. कचेरीत आयुष्य काढलेल्या कुणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. चांगल्या कारकुनावर इतकी आदराने लिहिलेली दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही.

बंदुकीचा भाग भाच्याला आवडला. बेल्जियममधल्या कारागिराकडून सुटी होणारी रायफल करून घेणं, मग जंगलात खरबुजावर चेहरा रंगवून नेम धरणं. मला तो एका वाचनापुरता पुरला. त्यापेक्षा मारेकरी द गॉल यांचंच लिखाण वाचून दिवस ठरवतो ते भारी आहे. हा माणूस कुठल्या दिवशी कितीही धोका असला तरी घरात बसणार नाही, एवढंच त्याला शोधायचं असतं.

एक चूक दुसऱ्या वाचनात सापडली. पेटी-क्लामारचा हल्ला का फसला याचं कारण लेखक असं देतो, की सूत्रधाराने अंधार पडायची वेळ चुकून आदल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून घेतली आणि त्यात पंचवीस मिनिटांचा फरक पडला. वाचताना हे खरंच वाटतं. पण आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर रोज बघणाऱ्याने जरा विचार करावा. तिथी वर्षागणिक पुढेमागे होते, पण त्याच इंग्रजी तारखेचा सूर्यास्त एका वर्षात पंचवीस मिनिटं कसा हलेल? मिनिटाच्या आतबाहेर राहतो. बाकी सगळा तपशील इतका घट्ट विणलेला असताना इथे टाका सुटला आहे.

आणि कोवाल्स्कीचा भाग. ओएएसच्या पुढाऱ्याचा हा धिप्पाड पोलिश अंगरक्षक. त्याची लहान मुलगी आजारी असल्याची खोटी बातमी देऊन त्याला फ्रान्समध्ये ओढतात आणि त्याच्याकडून माहिती काढतात. काढतात कशी, ते मी सासूबाईंना सांगितलं नाही, पानं उलटली. सरकारची बाजू इथे स्वच्छ राहत नाही आणि लेखकही ती धुऊन काढत नाही, हे मला पटलं. बायकांची पात्रं मात्र पातळ आहेत. ज्या येतात त्या कोणाच्या तरी उपयोगाला येतात आणि जातात.

माझ्या प्रतीबद्दल: छपाई पुसट, अक्षर बारीक, आणि जूनमध्ये पहिल्या भागाची पानं सुटली. विक्रेत्याने बदलून दिली नाही. शेवटी बाजारातल्या बाइंडरकडून शिवून रेक्झिनचं कव्हर घातलं, आता पुस्तक टिकेल. इंग्रजी कठीण नाही, पण फ्रेंच खात्यांची नावं सुरुवातीला गोंधळ करतात. मी वहीच्या शेवटच्या पानावर कोण कोणाच्या हाताखाली याचा तक्ता काढला, मग सोपं गेलं. पहिली शंभरेक पानं सबुरीने वाचावी लागतात.

आता सासूबाईंचं. वय शहाऐंशी. रोज रात्री खाटेवर बसल्या की पहिला प्रश्न, ‘मंग काय व्हयनं?’ त्यांचे वडील १९३६ च्या डिसेंबरात पारोळ्याहून बैलगाडी जोडून फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले होते. नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. ती गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आणि १९४८ च्या जानेवारीत, त्या दहा वर्षांच्या असताना, घरात चूल पेटली नव्हती हे त्यांना स्वतःला आठवतं.

लबेल तिसऱ्या रात्री पुन्हा फोनवर बसला, तिथे त्यांनी मला थांबवलं. गांधीबाबाच्या वेळी असं कोणी बसलं नव्हतं का, असं विचारलं. मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. २० जानेवारीला दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला होता. एक जण तिथेच पकडला गेला, साथीदार निसटले. पकडलेल्याच्या जबाबात एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. मध्ये दहा दिवस होते. दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांनी ते कसे घालवले, यावर गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात बोट ठेवलं.

‘धा दिन?’ एवढंच त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

दुसऱ्या रात्री मी पुस्तक उघडलं, तर पुढचं नको म्हणाल्या. त्या लहानशा पोलिसाला पहिल्यांदा बोलावतात ना, तिथून परत सांग म्हणाल्या.