सांगलीच्या बोअरच्या पाण्यात केग सांभाळताना: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीला मेलबर्नहून आलेल्या मावसभावाने सामानातून एक जुना 19 लिटरचा केग, म्हणजे गॅसच्या दाबाखाली पेय ठेवायचं स्टीलचं उभं भांडं, आणला. डिसेंबरात तसाच दुसरा मी ऑनलाइन मागवला. दोन्ही बॉल-लॉक, म्हणजे नळ्यांची जोडणी दाबून अडकवायच्या प्रकारचे. दादा तिकडे घरी बिअर बनवतो, तिथल्या कायद्याला ते चालतं. आपल्याकडे परवान्याशिवाय बनवता येत नाही, त्यामुळे माझ्या केगमध्ये आल्याचा सोडा, लिंबू सोडा आणि हंगामात द्राक्षरस असतो. भांडं मात्र तेच. मुळात हे केग कोल्ड्रिंक कंपन्यांच्या सोडा मशीनसाठी बनले, घरी बिअर बनवणाऱ्यांनी ते नंतर उचलले. म्हणून धुण्याची रीतही जवळपास एकच.

पहिले दोन महिने मी केग कळशीसारखा धुवत होतो. गरम पाणी घालायचं, हलवायचं, ओतायचं, उपडा ठेवायचा. आतून स्टील लख्ख दिसायचं. जानेवारीत लिंबू सोड्याला आल्याचा वास यायला लागला, तेव्हा दादाने फोनवर विचारलं, "पोस्ट उघडलेस का कधी?" उघडले नव्हते.

केगच्या डोक्यावर दोन पोस्ट असतात, एक गॅसचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, आणि एक पेयाचा. प्रत्येकात स्प्रिंगवर बसलेली छोटी झडप. पेयाच्या पोस्टखाली बुडापर्यंत जाणारी लांब नळी, गॅसच्या पोस्टखाली आखूड. शिवाय दोन्ही पोस्टवर, दोन्ही नळ्यांच्या गळ्याला आणि झाकणाला रबरी ओ-रिंग. वास धरून ठेवतं ते हे रबर. स्टील काही धरत नाही. त्या दिवशी लांब नळीतून बाटलीचा बारीक ब्रश फिरवला तर पिवळट बुळबुळीत थर बाहेर आला. तेव्हापासून पेय बदललं की केग पूर्ण सुटा करतो. अर्धा तास जातो, आणि तो मला जड वाटत नाही.

सुटं करण्याआधी झाकणावरची रिंग ओढून सगळा दाब सोडायचा, यात कधीही घाई नको. दोन्ही पोस्ट दिसायला सारखे, पण गॅसच्या पोस्टच्या षटकोनावर बारीक खाचा असतात. अदलाबदल झाली तर जोडणी अडकून बसते. साध्या पान्याने कडा झिजतात, खोल सॉकेट घ्या.

धुण्यासाठी मी सोडियम परकार्बोनेट वापरतो. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो, आणि साखरेचा चिकटा, आल्याचा गाळ सुटून येतो. हात भाजणार नाही इतपत गरम पाण्यात लिटरला 5 ग्रॅम पुरे. हे द्रावण असताना झाकण आवळू नका, ऑक्सिजन सुटून आत दाब वाढतो. सुवासाची कपड्यांची पावडर नको, तो वास रबरात बसतो. ब्लीचिंग पावडर तर अजिबात नको, क्लोरीनने स्टीलला टोचल्यासारखे खड्डे पडतात. तारेची घासणीही नको.

यात सांगलीच्या पाण्याने एक गोष्ट शिकवली. आमच्या विश्रामबागच्या सोसायटीत नळाचं पाणी कमी पडलं की बोअर चालू होते. बोअरच्या पाण्यात हे परकार्बोनेट टाकलं की पाण्यातला कॅल्शियम खाली बसतो आणि केगला आतून पांढरा पातळ थर चढतो. मला वाटलं, नीट खळबळलं नाही. चार-चार पाणी काढलं तरी जाईना. लिंबाचं सत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात टाकून वीस मिनिटं ठेवलं आणि थर गेला. बिअरच्या केगमध्ये दगडासारखा जो थर धरतो तोही कॅल्शियमचाच, ऑक्झलेट, आणि त्यालाही आम्लच लागतं असं दादाचं म्हणणं.

म्हणून मार्चमध्येही मी आम्लच घेतलं, आणि तिथे चुकलो. मामांच्या तासगावच्या बागेतली तास-ए-गणेश जातीची द्राक्षं आली होती. रस गाळून केगमध्ये भरला, फ्रिजमध्ये ठेवला. चौथ्या दिवशी केगच्या नळातून नुसतं थेंब थेंब. दाब तोच, केग अर्धा भरलेला. लांब नळी काढली तर तळाशी वाळूसारखे खडे. थंड पाण्यात विरघळेनात, रात्रभर सायट्रिकमध्ये ठेवूनही तसेच. तो होता टार्टर, द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचं पोटॅशियमचं मीठ. रस थंड झाला की तो खडे होऊन बसतो. त्याला गरम पाणी आणि परकार्बोनेटच हवं, दहा मिनिटांत नळी मोकळी झाली. आता रस आधी पातेल्यात दोन दिवस थंड ठेवतो, खडे खाली बसू देतो, मग वरचा रस केगमध्ये. मळ कशाचा आहे हे कळल्याशिवाय हाताला येईल ते औषध टाकायचं नाही, हे मी या केगवर शिकलो. द्राक्षरस फ्रिजबाहेर मात्र ठेवू नका, आंबायला लागला की दाब आपोआप चढतो.

निर्जंतुक करायला फॉस्फरिक आम्लाचं, धुवावं न लागणारं द्रावण वापरतो, लिटरला दीड मिली. हे बोअरच्या पाण्यात केलं की लगेच गढूळ होतं आणि त्याची ताकद जाते. आरओचं पाणी घ्या. पेयाच्या नळीतूनही ते सोडा, नळाची तोटी विसरू नका.

एकदा कुपवाडहून भरून आणलेला गॅस दोन रात्रींत संपला. पोस्टवर साबणाचा फेस लावला तर गॅसच्या बाजूला बुडबुडे. ओ-रिंगला चीर होती. तेव्हापासून रिंगांचा एक संच घरात असतो आणि प्रत्येक रिंगला खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस लावतो. व्हॅसलीन लावू नका, काही रबर त्याने फुगतं. आणि सिलिंडर बंद खोलीत नको, हा गॅस गळला तर जीवावर बेततं.

सध्या एक केग रिकामा आहे. धुऊन, द्रावण फिरवून, थोडा गॅस भरून कोपऱ्यात ठेवलाय. आठवड्याने झाकणावरची रिंग हलकेच ओढतो. फुस्स आवाज आला, म्हणजे सगळ्या रिंगा धरून आहेत.