वेग की ताबा? मुलासाठी पिचिंग कोच निवडताना

अमेरिकेतल्या मराठी घरातलं पोरगं बेसबॉलमध्ये रमलं आणि बारा-तेरा वर्षांचं झालं की प्रश्न येतो: वेग वाढवून देणाऱ्या अकादमीत घालायचं, की चेंडूवर ताबा शिकवणाऱ्या साध्या कोचकडे? माझा कल ताब्याकडे आहे, हे आधीच सांगतो.

वेगाची भुरळ खोटी नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, माउंड (पिचर जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा) ते होम प्लेट (जिथे बॅटर उभा असतो) 60 फूट 6 इंच. ताशी 100 मैलांचा चेंडू ते जेमतेम 0.4 सेकंदात कापतो. लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये अंतर 46 फूटच, त्यामुळे 70 मैलांचा चेंडूही बॅटरला मोठ्यांच्या 92 मैलांइतकाच वेळ देतो. साहजिकच अंगाने थोराड मुलगा नुसत्या जोरावर सगळ्यांना गुंडाळतो आणि आईबाबांची नजर रडार गनवर खिळते. पुढे बाकीची मुलंही वाढतात, अंतरही वाढतं, तेव्हा पंचाईत होते.

वेगवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे मेजर लीगचा पिचर नोलन रायन. 1974 मध्ये मोजलेला 100.9 मैल वेग, 27 हंगाम, 5,714 स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. (त्याचा चेंडू प्लेटजवळ मोजला होता, आता हातातून सुटतानाच मोजतात, त्यामुळे पिचर अरोल्डिस चॅपमनच्या 2010 मधल्या 105.8 शी त्याची तुलना करू नये.) पण 2,795 बॅटरना फुकट पहिला बेस, म्हणजे वॉक, देण्याचा विक्रमही रायनचाच. त्याला ते पचलं.

खालच्या, म्हणजे मायनर लीगमधल्या स्टीव्ह डल्कोव्स्की या पिचरला नाही पचलं. तो रायनहूनही वेगवान होता, असं पाहिलेले लोक सांगत. 1958 मध्ये ॲबर्डीनच्या लष्करी केंद्रात वेग मोजला तर भरला 93.5, पण आदल्या दिवशी तो सामना खेळलेला, पायाखाली माउंड नाही, आणि चेंडू यंत्राच्या टप्प्यात पडायलाच बराच वेळ गेला! 1960 मध्ये स्टॉकटन संघाकडून त्याचे स्ट्राइकआउट 262 आणि वॉकही 262. 1963 मध्ये कोपर दुखावलं. मेजर लीगचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही.

दुसऱ्या बाजूला मेजर लीगचाच पिचर ग्रेग मॅडक्स. वेग बेताचा, पण 355 विजय, 1992 ते 95 सलग चार साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान) आणि 5,000 हून जास्त इनिंग्जमध्ये 999 वॉक.

ताब्याचा कोच काय शिकवतो, ते जवळून बघा. फोर-सीममध्ये, म्हणजे सरळ वेगवान चेंडूत, पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी, अंगठा खाली, चेंडू आणि तळहातात थोडी फट. चेंजअपला तोच चेंडू हातात खोल धरायचा, हात मात्र तितक्याच जोरात फिरवायचा. चेंडू आठ-दहा मैलांनी मंदावतो, बॅटर आधीच बॅट फिरवून बसतो. कोपरावर फार ताण न आणता मिळणारं हे हत्यार आहे.

सोळा-सतराव्या वर्षी कॉलेजचे कोच आकडा विचारतात, तेव्हा वेगाच्या अकादमीचे पैसे वसूल होतील. त्याआधी घालायचंच असेल तर तिथे चेंडू मोजतात का, ते विचारा. अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक सूचनांनुसार 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 चेंडूंची मर्यादा आहे, आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. मुलगा दोन संघांकडून खेळत असेल तर बेरीज तुम्हीच ठेवा. प्रत्येक कोच आपल्यापुरतंच मोजतो.